सुभद्राबाईच्या तोड्याचं पाणी

चिंचवडच्या गावठाणात तेव्हा बाईची पारख तिच्या भांड्यांवरून व्हायची. त्या मापानं सुभद्राबाई आमच्या आळीत सगळ्यांत मोठी बाई होती. वय असेल तेवीस-चोवीस. पण तिचा तांब्याचा हंडा दारात उन्हाला पालथा घातला, की समोरच्या भिंतीवर तांबूस उजेड पडायचा आणि आमच्या सासवा आम्हांला बोट करून दाखवायच्या, “बघा, ह्याला म्हनायचं घासनं.”

चिंचेचा कोळ, मूठभर जाडं मीठ आणि नारळाची शेंडी घेऊन ती बसली, की हंड्याचं काही होवो, हिच्या हाताला कातडी उरेल की नाही असं वाटायचं. बोटांच्या पेरांना बारा महिने चिरा असायच्या. कालवणात हात गेला की ती ओठ आवळून घ्यायची, बोलायची मात्र नाही.

माहेर महाळुंग्याचं. वडील चिमाजी, कोरडवाहू शेती करणारा, दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस. लग्नात त्यानं लेकीच्या पायात चांदीचे भरीव तोडे घातले होते. वाजत नसत. ती चालली की फक्त जमिनीला कळावं, असे ते तोडे होते. आळीत दुसऱ्या कुणाच्या पायात तसे नव्हते, आणि त्यावरून तिची सासू मंजुळाबाई चार बायकांत मान ताठ ठेवून बसायची.

त्याच मंजुळाबाईच्या घोट्याजवळ जखम झाली. काटा लागल्याचं निमित्त. सहा महिने झाले तरी भरेना. तिचा मुलगा, म्हणजे सुभद्राबाईचा नवरा ज्योतीराम, गावातल्याच एका दवाखान्यात कंपाउंडर होता. डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि घटकाभरात म्हातारीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. कशीबशी वाचली. डॉक्टर म्हणाले, “ह्या बाईंना हे औषध जन्मात पुन्हा द्यायचं नाही.”

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघून तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. कारखाना बघायला लांबून माणसं यायची. मंजुळाबाई पाय पसरून ओट्यावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, “साऱ्या मुलखाला औषिद आमच्या शिवंतनं जानार, आन् माझ्याच अंगाला ते चालंना. काय म्हनावं ह्या नशिबाला?”

डॉक्टरांनी जखम रोज दोनदा धुऊन बांधायला सांगितली. धुवायला पुण्याहून चांदीच्या पाण्याची एक बाटली मागवून दिली, ती पंधरा दिवसांत संपली, आणि दुसरी मिळेना. तेव्हा ज्योतीराम म्हणाला, “मी करतो घरीच.”

लढाईच्या दिवसांत तो खडकीच्या लष्करी इस्पितळात वॉर्डात कामाला होता. तिथं एक साहेब हे पाणी करायचा. काचेच्या बरणीत पाणी घ्यायचं, दोन चांदीच्या काड्या एकमेकींना न लागतील अशा सोडायच्या, त्यांना बॅटरीच्या तारा जोडायच्या आणि वाट बघायची. काडीतली चांदी पाण्यात उतरते. उतरलेली दिसत नाही. ज्योतीरामनं पाहिलं होतं ते एवढंच.

बॅटरी मिळाली ग्रामपंचायतीच्या रेडिओची. विटेएवढी, रेडिओला पुरेना म्हणून काढून टाकलेली, पण अंगात थोडा जीव राहिलेली. काचेची बरणी दवाखान्यातून आली. राहिली चांदी.

सुभद्राबाईनं उजव्या पायातला तोडा काढून नवऱ्यासमोर ठेवला. म्हातारीच्या पायासाठी सुनेच्या पायातलं. सोनारानं बोटभर तुकडा कापून त्याच्या दोन काड्या ओढून दिल्या, तोड्याचं टोक गुळगुळीत केलं आणि म्हणाला, “चांदी चांगली हाय.”

पहिलं पाणी केलं त्या दिवशी आम्ही चार-पाच जणी बघायला गेलो होतो. गावविहिरीचं पाणी, वस्त्रानं गाळून, खळखळ उकळून, निववून घेतलेलं. त्याहून शुद्ध पाणी कुणाला ठाऊक होतं? ज्योतीरामनं तारा जोडल्या. पाच मिनिटं झाली असतील नसतील, एका काडीभोवती पांढरं धुकं दिसायला लागलं. बघता बघता बरणीभर भाताची पेज कालवावी तसं पाणी झालं.

“असंच अस्तंय व्हय?” मंजुळाबाईनं विचारलं.

“न्हाई,” ज्योतीराम म्हणाला. “साहेबाचं पानी नितळ असायचं.”

बरणी खिडकीत राहिली. दुपारच्या उन्हात त्या पेजेचा रंग बदलला. आधी जांभळट, मग राखेसारखा. संध्याकाळी तळाशी काळसर गाळ बसला होता. म्हातारीनं तो बघितला, मग सुनेच्या पायातला दुसरा तोडा बघितला.

“सुभे, तुझ्या बापानं ह्यात काय मिसळलंय ग?”

“आत्याबाई, सोनारानं पारखलीया की.”

“सोनार! सोनार आईच्या नथीतलं सोडत न्हाई, तो तुला खरं सांगनार? खरी चांदी कधी काळी पडती का पान्यात?”

 दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई घागर घेऊन घाटावर गेली आणि पवनेचं पाणी घेऊन आली. नवऱ्याला म्हणाली, “अवो, हे लावून बघा.” नदीच्या पाण्यातही पांढरं उतरलं, पण कमी. मग ती मळ्यातल्या विहिरीचं घेऊन आली. मग खाऱ्या विहिरीचं, ज्या पाण्यात कुणाच्याच घरी डाळ शिजत नसे आणि ज्यानं केस धुतले तर जटा व्हायच्या. ते लावलं आणि आम्ही तोंडात बोटं घातली. काड्या पाण्यात बुडायचा अवकाश, दह्यासारख्या गुठळ्याच खाली पडायला लागल्या.

चार पाण्यांच्या चार वाट्या तिनं खिडकीत ओळीनं मांडल्या. जन्मभर ह्याच पाण्यांवर आमचं चाललं होतं. अंघोळ एकाची, स्वयंपाक दुसऱ्याचा, जनावरं तिसऱ्यावर. भांड्यात घेतली तर चारही सारखीच दिसायची. जिभेला फरक कळायचा, पण आत काय आहे ते कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आता चांदीनं ते आमच्यासमोर मांडून ठेवलं होतं. ही दुधासारखी, ती ताकासारखी, ही ताकाच्या निवळीसारखी. सुभद्राबाई वाकून बघत होती. म्हणाली, “चांदी तर एकच हाय. मग हे निराळं कशानं?”

“तेच म्हन्ते मी,” मंजुळाबाई आतून ओरडली. “सगळ्या पान्यांनी एकच साक्ष दिली. कुनी हळू बोललं, कुनी मोठ्यानं!”

आम्हांला हसू आलं, पण सुभद्राबाईचा चेहरा बघून ते घशातच राहिलं.

ज्योतीरामनं शेवटी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर घाईत होते. “अरे, विहिरीचं, नदीचं चालत नाही त्याला. उकळल्यानं जंतू मरतात, विरघळलेलं कुठं जातं? डिस्टिल्ड पाणी ने.” वाफ करून पुन्हा गार केलेलं पाणी, ज्यात पाण्याशिवाय काही नाही. त्याची एक बाटली त्यांनी दिली.

ती बाटली घरात आली तेव्हा सुभद्राबाईनं तिला हळदकुंकू लावायचंच काय ते बाकी ठेवलं. बरणी घेऊन ती अंगणात बसली. चिंच, मीठ, शेंडी. आतून, बाहेरून, काठाखालून. काड्या मिठाच्या बोटांनी घासून घासून आरशासारख्या केल्या. वर विहिरीचं पाणी ओतून विसळलं, बरणी उन्हात वाळवली. आपल्या बापाच्या चांदीला कुणी नाव ठेवू नये म्हणून जेवढं करता येईल तेवढं तिनं केलं.

आणि त्याही पाण्यात पांढरं धुकं उतरलं. थोडंच, पण उतरलं.

मंजुळाबाईनं बरणी उजेडाला धरून बघितली. मग शांतपणे म्हणाली, “आता डाक्तरचं पानी पन खोटं का? बोल की.” ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात तिचा भाऊ बबनराव देहूकडून आला. बैठकीत ठरलं, की रविवारी गाडी जुंपायची, सून आणि दोन्ही तोडे महाळुंग्याला न्यायचे, आणि चार माणसं बोलावून चिमाजीच्या अंगणात तोडे टाकायचे. खरी चांदी देशील तेव्हा लेक नांदायला धाड. ज्योतीराम म्हणाला, “मामा, असं कसं...” बबनराव म्हणाला, “तू गप रे. तुझ्या बरनीनंच सांगितलंय, आमी सांगत न्हाई.”

रविवार सहा दिवसांवर होता. सुभद्राबाईनं पुन्हा दोनदा डॉक्टरांचं पाणी मागवलं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त घासलं. प्रत्येक वेळी पाणी आधीपेक्षा जास्त पांढरं झालं. आम्ही बघत होतो आणि आम्हांलाही वाटायला लागलं होतं, की चिमाजीनं फसवलं असणार. खोटं कशाला बोला.

बुधवारी सुभद्राबाई बाहेर बसली. चार दिवस शिवायचं नाही, भांड्याला हात लावायचा नाही. पडवीच्या कोपऱ्यात घोंगडी, एक तांब्या, वरून टाकलेली भाकरी. म्हातारीची जखम धुवायची राहू नये म्हणून गुरुवारी ज्योतीरामनंच सगळं केलं. त्याला कुठलं घासणं माहीत? दवाखान्यात बाटल्या विसळतात तशी त्यानं डॉक्टरांच्याच पाण्यानं बरणी तीनदा विसळली, काड्या त्याच पाण्याखाली धरून कोऱ्या फडक्यानं पुसल्या, आणि तारा जोडल्या.

पाच मिनिटं गेली, अर्धा तास गेला, दोन तास गेले. पाणी नितळ. एवढं नितळ की बरणीत पाणी आहे की नाही ते बोट घालून बघावं.

ज्योतीराम धावत पडवीत आला. “झालं! अगं, झालं! चांदी खरी हाय!”

सुभद्राबाईच्या डोळ्यांत पाणी आलं ते गालावर यायच्या आतच मंजुळाबाई उंबऱ्यात उभी राहिली. “चांदी खरी हाय, मान्य. मग खोटं काय हाय?” ती सुनेकडं बघत होती. “तीच बरनी, तेच पानी, त्याच काड्या. एकच जिन्नस कमी व्हता. हिचा हात.”

“आई, काय बोलतीस!”

“मी न्हाई बोलत, तुझी बरनी बोलती. हिनं हात लावला की नासतंय. तीन वर्सं ह्या हातचं खातोय आपन. माझा पाय उगाच न्हाई सडला. रविवारी गाडी जायाचीच.”

बापावरचा आळ उतरला आणि लेकीवर आला. गाडी तीच, रविवारही तोच.

पुढचे दोन दिवस ती पडवीत नुसती बसून होती. सुभद्राबाईला काम न करता बसलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. मी पलीकडून ताकाचा गडू द्यायला गेले, तर ती स्वतःचे दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून बघत होती. जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि काही विचारलं तर सांगणार होते.

शनिवारी म्हातारीनं वाढलेल्या कालवणात मीठ जास्त झालं होतं. सुभद्राबाईनं भाकरी बुडवली आणि सवयीनं ओठ आवळले. पण झोंबलं नाही. तिनं बोट पुन्हा बुडवलं. नाही झोंबलं. बोट धुऊन उजेडात धरलं. पेरांच्या चिरा मिटल्या होत्या. चार दिवस चिंचमीठ लागलं नव्हतं म्हणून.

मी समोरच होते. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “मीठ.”

“काय?”

“खाऱ्या विहिरीत सगळ्यांत जास्त उतरलं. नदीत सगळ्यांत कमी. आन् डाक्तरच्या पान्यात मी घातलं. घासून घासून मीच घातलं.” मग ती हसली. इतकी हसली, की म्हातारी आतून ओरडली, “याड लागलं का काय!”

रविवारी सकाळी न्हाऊन-धुऊन ती घरात आली तेव्हा बबनरावाची गाडी दारात उभी होती. बैलांच्या गळ्यात घुंगरू, गाडीत वाळलेल्या गवतावर घोंगडी टाकलेली. दोन्ही तोडे फडक्यात बांधून बबनरावाच्या मांडीवर.

“मामा,” सुभद्राबाई डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, “एकडाव माझ्या हातानं पानी लावू द्या. नासलं तर मी आपल्या पायांनी गाडीत बसते. कुनी धरायला नगं.”

बबनरावानं बहिणीकडं बघितलं. मंजुळाबाई म्हणाली, “लाव. साऱ्या आळीसमोर लाव.” बैल सोडले. बबनरावानं पोह्यांची बशी हातात घेतली आणि कुरकुरत खांबाला टेकला.

आम्ही सगळ्या जमलो. सुभद्राबाईनं बरणी घेतली आणि नुसत्या डॉक्टरांच्या पाण्यानं विसळली. एकदा, दोनदा, तीनदा. हातही त्याच पाण्यानं धुतले. घासायला न मिळाल्यामुळं तिची बोटं मधेच आपोआप वळत होती, ती तिनं मुठीत दाबून धरली. काड्या सोडल्या, तारा लावल्या आणि मागं सरून उभी राहिली.

वेळ जाईना. कुणीतरी म्हणालं, “आलं का पांढरं?” कुणी म्हणालं, “ती तुझ्या डोळ्याची सावली.” बबनराव पोहे संपवून जवळ येऊन बसला आणि बरणीच्या इतक्या जवळ तोंड नेलं, की ज्योतीराम म्हणाला, “मामा, मिशी बुडंल.”

दहाच्या सुमाराला छपराच्या फुटक्या कौलातून कवडसा उतरला. रोज उतरायचा, रोज भुईवर पडायचा. सुभद्राबाईनं बरणी दोन्ही हातांनी सरकवून त्याच्या वाटेत ठेवली.

अजूनही मला ते नीट सांगता येत नाही. पाण्यात काहीच नव्हतं. नितळ, कोरी बरणी. आणि कवडसा तिच्यात शिरला तसा तो पाण्यातून जाताना दिसायला लागला. ह्या काठापासून त्या काठापर्यंत उजेडाची एक सरळ काडी, किंचित पिवळसर. शेजारी साध्या पाण्याचा गडू ठेवला, त्यात कवडसा शिरायचा आणि दिसेनासा व्हायचा.  छबूबाई, जी देवळातही बोलायची थांबत नसे, तिनं हात जोडले.

“ह्यात चांदी हाय?” मंजुळाबाईचा आवाज बदलला होता. “दिसत तर न्हाई.”

“हाय, आत्याबाई. थांबा.”

सुभद्राबाईनं एका पेल्यात थोडं पाणी काढून घेतलं. चुलीमागच्या बरणीतला जाड्या मिठाचा एक खडा चिमटीत धरला आणि पेल्यात सोडला.

खडा खाली गेला आणि त्याच्या मागोमाग पांढरा धागा सुटला. धागा वळला, फुटला, पसरला. जिथं काही नव्हतं तिथं दूध झालं.

“मिठानं चांदी भाईर काढली,” ती म्हणाली. “हात नासका न्हाई माझा. हाताला मीठ व्हतं.”

 बबनराव खाकरला. “मग आक्का, गाडीचं काय?”

मंजुळाबाईचे डोळे पेल्यावरून हलले नव्हते. “जुप की,” ती म्हणाली. “म्हाळुंग्याला जा. व्याह्यांना बसवून घिऊन ये. म्हनावं, तुमच्या चांदीचं कायतरी बघायचंय. अन् ते तोडे ठेव हितं.”

चिमाजी दुपार कलल्यावर आला. काय झालं ते बबनरावानं त्याला वाटेत सांगितलं की नाही, देव जाणे. तो ओट्याच्या कडेला पाहुण्यासारखा अर्धाच बसला, लेकीच्या मोकळ्या पायांकडं त्यानं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मंजुळाबाई लंगडत बाहेर आली. माफी मागणं तिच्या तोंडाला ठाऊक नव्हतं. तिनं पेला व्याह्यासमोर ठेवला, मिठाचा खडा स्वतःच्या हातानं उचलला आणि म्हणाली, “बघा. तुमी दिलेली.” आणि सोडला.

चिमाजी वाकून बघत राहिला. धागा सुटला, वळला, पसरला. त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. आयुष्यभर जात्याची घरघर ऐकत नांगर धरलेला माणूस. बऱ्याच वेळानं म्हणाला, “लई बारीक दळलीया.”

त्या दिवशी तो तेवढंच बोलला. जेवून गेला.

मंजुळाबाईची जखम पावसाळ्याच्या तोंडाशी भरली. चांदीनं भरली का, हे मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज दोनदा नीट धुतली म्हणून भरली, साध्या उकळलेल्या पाण्यानं धुतली असती तरी बहुधा भरली असती. मंजुळाबाईला हे कुणी सांगितलं नाही. धुणं सुभद्राबाईच करायची, आणि बरणी विसळायला मात्र म्हातारी स्वतः बसायची. मिठाची बरणी तिनं त्या खिडकीपासून पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली होती. कुणाचा घामेजलेला हात पाण्याच्या बरणीकडं गेला तरी ओरडायची, “लांब! चांदी हाय तीत!”

तोडे सुभद्राबाईच्या पायात परत गेले. डावा होता तसा. उजवा कापल्या जागी बोटभर उघडा राहिला. सोनार म्हणाला, जोड घालून देतो. मंजुळाबाईनं ऐकलं नाही. नव्या कुणी सुना-लेकी घरी आल्या, की ती सुनेला पाय पुढं करायला लावायची, त्या उघड्या जागेवर आपलं बोट ठेवायची आणि म्हणायची, “एवढी पान्यात गेली. हिच्या हातानं. कुठं दिसली न्हाई.”